सिंक्रो व्हॅनचं डिफ लॉक लागत नाही? नॉब आणि दिव्याआधी चाक तपासा

जुन्या फोक्सवॅगन टी३ सिंक्रो व्हॅनच्या मालकांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते: डॅशबोर्डवरचा नॉब ओढला, पण डिफरेंशियल लॉक (दोन्ही चाकांना एकाच वेगानं फिरवणारी यंत्रणा) लागलंच नाही. किंवा लागलं, ते सुटेना. त्यावर पहिला सल्ला बहुधा गिअरबॉक्स उतरवून उघडण्याचा मिळतो. हे काम महागडं आहे, वेळखाऊ आहे आणि पुष्कळदा त्याची गरजच नसते. लॉक लावणारे पोलादी दात डिफरेंशियलच्या पोटात सहसा शाबूत असतात. बिघाड होतो तो बाहेर, चिरलेल्या नळीत, फाटलेल्या रबरी पडद्यात, नाहीतर गंजून जाम झालेल्या लिव्हरमध्ये. तो साध्या हत्यारांनी कसा शोधायचा, ते इथे सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. नॉब बाहेर आलाय, यावरून हात चालला एवढंच कळतं. दिवा लागलाय, यावरून एका छोट्या स्विचचे संपर्क जुळले एवढंच कळतं. लॉक खरोखर लागलंय का, हे फक्त चाक फिरवून समजतं. म्हणून शोध चाकापासून सुरू करायचा आणि एकेक टप्पा मागे सरकत नॉबपर्यंत यायचं. लोक नॉबपासून सुरुवात करतात, एक गळकी नळी सापडते, ती बदलतात, आणि तरीही लॉक लागत नाही. कारण शेवटच्या टोकाचा लिव्हर कित्येक वर्षांपूर्वीच गंजून बसलेला असतो.

टी३ ही व्हॅन १९७९ मध्ये आली, इंजिन मागच्या बाजूला असलेली. चारही चाकांना जोर देणारी तिची सिंक्रो आवृत्ती १९८५ मध्ये विक्रीला आली आणि १९९२ पर्यंत बनत राहिली. तिची जुळणी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात, स्टायर-डायम्लर-पुख या कंपनीच्या कारखान्यात व्हायची. हाफ्लिंगर आणि पिंझगाउअर ही डोंगराळ मुलुखासाठीची वाहनं याच कंपनीची, आणि मर्सिडीजची जी-क्लासही ग्राझमध्येच बनते. चिखल आणि बर्फ जाणणाऱ्या माणसांनी जुळवलेली ही गाडी आहे, आणि ते तिच्या प्रत्येक भागात दिसतं. पण सर्वांत तरुण सिंक्रोनंही आता तिशी ओलांडली आहे. लोखंड इतकी वर्षं टिकतं. रबर आणि प्लॅस्टिक टिकत नाही.

ही गाडी भारतात कधी विकली गेली नाही. तरी हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी नंबरप्लेटच्या जुन्या व्हॅन उभ्या दिसतात, त्यांत टी३ असू शकते, आणि ती बिघडली की स्थानिक मेस्त्रीलाच तिच्याखाली शिरावं लागतं. युरोप-अमेरिकेत राहून अशी गाडी हौसेनं बाळगणारे मराठी लोकही आहेत. शिवाय ज्यांच्याकडे फोर्स गुरखा आहे, त्यांना यातला बराच भाग थेट उपयोगी पडेल. गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे हातानं लावायची डिफ लॉक असतात; तिथे सिंक्रोसारखं व्हॅक्यूमचं, म्हणजे हवेच्या कमी दाबावर लॉक चालवण्याचं प्रकरण नाही, पण चाकावरची परीक्षा तीच. महिंद्रा थारच्या मागच्या ॲक्सलमध्ये मिळणारं लॉक आपोआप लागणारं असतं, त्याला नॉबच नसतो, म्हणून ते या लेखाच्या बाहेर.

डिफरेंशियल आणि त्याचं लॉक

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर साधारण दीड मीटर धरा. काटकोनात एक वळण घेतलं की बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ २.४ मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर पक्की बसवली असती, तर हा फरक टायर घासून भरून काढावा लागला असता. डिफरेंशियलमधले छोटे गिअर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतात आणि जोर मात्र दोघांना सारखाच वाटतात.

अडचण याच सारख्या वाटपात आहे. एक चाक चिखलात किंवा हवेत असेल तर त्याला फिरायला जवळजवळ जोरच लागत नाही. डिफरेंशियल दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर देतं. कोरड्या दगडावर घट्ट टेकलेलं चाक स्वस्थ उभं आणि हवेतलं चाक गरागरा फिरतंय, असं दृश्य त्यातूनच दिसतं. लॉक लावलं की आत दातांची एक सरकती बाही डिफरेंशियलच्या पेटीला आणि एका बाजूच्या शाफ्टला एकत्र जखडते. मग दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात आणि ज्याची पकड चांगली, ते चाक गाडी ओढून काढतं.

सिंक्रोत मागचं डिफरेंशियल गिअरबॉक्सच्याच पोटात आहे. तिथून एक लांब प्रॉपशाफ्ट, म्हणजे जोर पुढे नेणारा दांडा, पुढे जातो आणि पुढच्या डिफरेंशियलला व्हिस्कस कपलिंगमधून (घट्ट तेलाच्या विरोधावर चालणारा जोड) मिळतो. पुष्कळ गाड्यांना फक्त मागचं लॉक असतं, काहींना दोन्ही. पुढचं लॉक लावल्यावर स्टिअरिंग फार जड होतं, गाडी सरळच जायला बघते. म्हणून आधी मागचं लावायचं आणि त्यानं भागलं नाही तरच पुढचं.

नॉबपासून दातांपर्यंत

या गाडीत लॉक लावायला तार नाही, मोटर नाही. काम व्हॅक्यूम करतो. पेट्रोल इंजिन हवा आत ओढताना थ्रॉटलच्या, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या झडपेच्या, पलीकडे हवेचा दाब कमी होतो. तो कमी दाब नळीनं आणून वापरलेला आहे. डिझेल इंजिनाला तसा थ्रॉटल नसतो, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो.

नॉब म्हणजे खरं तर एक झडप. ती व्हॅक्यूम कोणत्या नळीत सोडायचा ते ठरवते. प्रत्येक लॉकजवळ एक डबी असते, तिच्या मधोमध रबरी पडदा, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी. एका बाजूनं हवा ओढली की पडदा तिकडे सरकतो आणि लॉक लागतं. दुसऱ्या बाजूनं ओढली की उलटा सरकतो आणि लॉक सुटतं. पडद्याला जोडलेली दांडी बाहेरच्या लिव्हरला ढकलते, लिव्हर आतल्या काट्याला, आणि काटा दातांच्या बाहीला सरकवतो. बाही जागेवर पोचली की स्विच दाबला जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

दोन नळ्यांची ही रचना नीट लक्षात ठेवा, पुढचं बरंच निदान तिच्यावर उभं आहे. लॉक लागतं पण सुटत नाही, असं असेल तर ‘सुटण्याची’ नळी गळते असा पहिला संशय घ्यावा. दोन्ही कामं होत नसतील तर पडदा फाटलाय, लिव्हर जाम आहे, किंवा मुळात व्हॅक्यूमच पोचत नाही. आणि गिअरबॉक्सचं काम झाल्यावर लगेच सगळं उलटं चालायला लागलं, म्हणजे नॉब आत असताना दिवा लागतो आणि बाहेर ओढल्यावर विझतो, तर जोडताना दोन्ही नळ्यांची अदलाबदल झालीय. अशी गाडी डांबरी रस्त्यावर लॉक लागलेल्या अवस्थेत चालवली जाते आणि मालकाला वाटतं, दुरुस्तीनंतर गाडी वळायला जड का झाली.

या पडद्यात जोर किती असतो, तेही बघू. पडदा ६ सेंटीमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ २८ चौरस सेंटीमीटर होतं. समुद्रसपाटीजवळ चांगलं पेट्रोल इंजिन संथ फिरताना साधारण ०.६ बार व्हॅक्यूम देतं. म्हणजे दांडीवर अंदाजे १७ किलोचा जोर. स्वच्छ, वंगण दिलेला लिव्हर हलवायला तो भरपूर आहे. गंजलेला हलवायला नाही. आता हीच गाडी लेहला, ३५०० मीटर उंचीवर नेली तर तिथे हवेचाच दाब ०.६५ बारच्या आसपास असतो. इंजिनाला मिळणारा व्हॅक्यूम जवळपास निम्म्यावर येतो आणि दांडीवरचा जोरही तसाच. खाली किनाऱ्यावर कसंबसं लागणारं लॉक घाटमाथ्यावर लागत नाही, याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं. पण खरा दोष उंचीचा नसतो. लिव्हर आधीच अर्धा जाम होता.

चाकावरची परीक्षा

आता गाडीखाली जायचं, पण त्याआधी सुरक्षेबद्दल. हे मी मनापासून सांगतोय, वाचून सोडून देऊ नका.

सिंक्रोचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं उचलली की तो गाडीला धरून ठेवत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि गाडी जॅकवर न ठेवता घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा. आणि फक्त एकच ॲक्सल उचललेला असताना गिअर टाकून इंजिन कधीही चालू करू नका. व्हिस्कस कपलिंग जमिनीवरच्या चाकांना जोर देईल आणि गाडी घोड्यांवरून उडी मारून पुढे जाईल. दोनच चाकांना जोर देणाऱ्या गाडीची सवय असलेल्या मेस्त्रीला हे आवर्जून सांगा. गाडी उचललेली असताना सगळी तपासणी इंजिन बंद ठेवूनच करायची आहे.

मागची दोन्ही चाकं उचला, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा. आता एक चाक हातानं फिरवा. लॉक सुटलेलं असेल तर दुसरं चाक उलट्या दिशेनं फिरेल. लॉक लागलेलं असेल तर थोड्या मोकळ्या हालचालीपलीकडे चाक फिरणारच नाही, कारण दोन्ही चाकं गिअरमधून इंजिनाला बांधली गेली आहेत. यात शंकेला जागा राहत नाही. दिवा काहीही म्हणो, हा निकाल खरा.

पुढच्या लॉकसाठी पुढची चाकं उचला, मागच्या चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक ओढा. एक चाक फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर लॉक सुटलेलं आहे. लॉक लागलेलं असताना दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरायला बघतील, पण व्हिस्कस कपलिंगच्या विरोधात. म्हणजे सतत जोर लावला तर जड, संथपणे सरकतील. हा जडपणा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

एक बारकावा. लॉकचे दात समोरासमोर आले तर बाही आत शिरत नाही. नॉब ओढल्यावर चाक किंचित पुढेमागे हलवलं की खट्कन आवाज येऊन ती बसते. रस्त्यावरही तसंच: नॉब ओढून गाडी दोन-चार हात सरळ पुढे घेतली की लॉक लागतं. थांबलेल्या गाडीत लगेच लागलं नाही म्हणून बिघाड आहे असं धरू नका. आणि चाक गरगरत असताना नॉब कधीही ओढू नका. आतले दात त्यामुळेच तुटतात.

लिव्हर: पहिला संशयित

चाकानं सांगितलं की लॉक लागत नाही. मग डबीची दांडी लिव्हरपासून सोडवा आणि लिव्हर हातानं हलवून बघा. चांगला लिव्हर बोटांच्या जोरानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. दात जुळत नसतील तर चाक थोडं हलवून पुन्हा प्रयत्न करायचा. लिव्हर हातानं लावल्यावर चाकाची परीक्षा परत घ्या. लॉक लागलं, तर तुमचा गिअरबॉक्स ठणठणीत आहे आणि तो उघडायची गरज नाही. मोठा खर्च टळला की नाही, हे याच पायरीवर कळतं, म्हणून ती कधीही वगळू नका.

लिव्हर हलतच नसेल तर तो जिथे हाउसिंगमध्ये शिरतो ती जागा बघा. पुढच्या चाकांनी उडवलेलं पाणी, युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ, किंवा आपल्याकडची कोकणातली खारी हवा, हे सगळं तिथे साचतं. लॉक वर्षानुवर्षं वापरलं गेलं नाही की गंज पक्का होतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा, आणि लिव्हर अगदी थोडा थोडा दोन्ही दिशांना हलवत राहा. हातोडीचा मोह आवरा. ठोकून आतला काटा वाकला तर बाहेरचा फुकटचा बिघाड आतला, खर्चाचा बिघाड होतो. उष्णता द्यायची असेल तर हीट गन वापरा, ज्योत नको. मागच्या डिफरेंशियलच्या वरच सिंक्रोची पेट्रोलची टाकी आहे.

मोकळा झाल्यावर ग्रीस द्या आणि दांडीवरचं रबरी टोपण फाटलं असेल तर बदला. डबीत पाणी जातं ते याच फाटक्या टोपणातून.

डबी आणि नळ्या

लिव्हर मोकळा आहे, तरी लॉक लागत नाही. आता डबी. तिच्या दोन्ही नळ्या काढा. हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर उत्तम, नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारी ६० मिलिलिटरची सिरिंज आणि तिच्या तोंडाला घट्ट बसणारी नळी पुरते. एका तोंडाला लावून हवा ओढा. दांडी सरकली पाहिजे आणि मिनिटभर तिथेच राहिली पाहिजे. मग दुसऱ्या तोंडाला लावा. दांडी परत आली पाहिजे. सिरिंज वापरताना दट्ट्या सोडल्यावर तो परत आत ओढला गेला तर पडदा शाबूत आहे. ओढूनही काही अटकाव जाणवला नाही तर फाटलाय. तोंडातून पाणी किंवा गंजाचा चिखल निघाला तर आत्ता चालत असली तरी त्या डबीचं आयुष्य संपत आलंय.

डबी चांगली निघाली तर नळ्या. सिंक्रोत गाडीच्या पोटाखालून कडक प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या जातात आणि त्यांच्या टोकांना रबरी जोड असतात. मला सर्वांत जास्त गळती रबरी जोडांमध्ये दिसली आहे. वरून धडधाकट दिसतात, बोटानं वाकवले की चिरा उघड्या पडतात. सगळे जोड एकदमच बदला. एकेक बदलत बसणं म्हणजे पुन्हा पुन्हा गाडीखाली जाणं. प्लॅस्टिकची नळी जिथे सायलेन्सरजवळून जाते किंवा पत्र्याच्या धारेला घासते तिथे निरखून बघा. नळीचं एक टोक बोटानं बंद करून दुसऱ्या टोकाला सिरिंज लावली की गळती लगेच कळते. नवीन नळी घेताना मऊ, पातळ भिंतीची घेऊ नका. व्हॅक्यूम लागला की ती स्वतःच चपटी होते आणि वाट बंद करते. व्हॅक्यूमसाठी म्हणून मिळणारी जाड भिंतीची नळी मागा.

काढण्याआधी प्रत्येक नळीला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

नॉबची झडप आणि मूळ स्रोत

नळ्याही ठीक असतील तर नॉबच्या मागे हात घाला. झडपेत येणारी नळी काढून, इंजिन संथ चालू ठेवून (गाडी आता चारही चाकांवर जमिनीवर, न्यूट्रलमध्ये) तिथे व्हॅक्यूम मोजणारा गेज लावा. ०.५ ते ०.६ बार दिसला तर स्रोत चांगला. कमी दिसला तर एकतर्फी झडप, इनटेकजवळची नळी, आणि डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंप तपासा. ब्रेकचा पेडलही व्हॅक्यूमच्या मदतीवरच चालतो. लॉक लागत नाही आणि त्याच सुमारास ब्रेक पेडल कडक झालाय असं दिसलं तर आधी स्रोताकडे वळा, आणि ते काम पुढे ढकलू नका. लॉकशिवाय गाडी चालते, ब्रेकशिवाय नाही.

एकतर्फी झडप का असते? चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता तेव्हा थ्रॉटल उघडा पडतो आणि इंजिनाचा व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो. नेमकी तेव्हाच लॉकची गरज असते. झडप नळ्यांमधला व्हॅक्यूम परत जाऊ देत नाही. ती खराब असेल तर लॉक संथ इंजिनावर छान लागतं आणि चढावर जोर लावताच ढिलं पडू लागतं. तोंडानं फुंकून बघा: एका बाजूनं हवा जावी, दुसऱ्या बाजूनं जाऊ नये.

नॉबच्या झडपेत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पडद्याची एक बाजू ओढली जात असताना दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा मिळावी लागते, नाहीतर पडदा सरकू शकत नाही. झडपेचं ते श्वासाचं भोक धुळीनं बुजलं की व्हॅक्यूम पुरेपूर असूनही लॉक अगदी सावकाश लागतं किंवा अर्ध्यावर थांबतं. डबीवरची रिकाम्या बाजूची नळी काढली आणि लॉक झटकन लागलं, तर दोष इथेच आहे.

दिवा खोटं बोलतो तेव्हा

चाक म्हणतंय लॉक लागलं, दिवा म्हणतोय नाही. हा विजेचा प्रश्न आहे, आणि सोपा आहे. डिफरेंशियलवरच्या स्विचचा कनेक्टर काढा आणि लॉक लावून-सोडून मल्टिमीटरनं स्विच तपासा. संपर्क बदलत असेल तर स्विच बरा. मग कनेक्टरवरचा हिरवा गंज, तुटलेली तार आणि शेवटी बल्ब. उलट प्रकार जास्त धोक्याचा: लॉक सुटलेलं असताना दिवा चालू राहतो, मालक तो ‘नेहमीचाच’ म्हणून दुर्लक्षित करतो, आणि एक दिवस लॉक खरंच अडकलेलं असताना त्याला ते कळत नाही. दिवा दुरुस्त करणं क्षुल्लक वाटतं, पण मी ते काम मागे ठेवत नाही.

लॉक सुटत नाही

चिखलातून बाहेर आलात, नॉब आत ढकलला, दिवा तसाच. पुष्कळदा बिघाड काहीच नसतो. दोन चाकांमध्ये ताण साठलेला असतो आणि तो दातांना एकमेकांवर दाबून धरतो. गाडी थोडी मागे घ्या, स्टिअरिंग किंचित दोन्हीकडे फिरवत पुढे घ्या. ताण सुटला की बाही निसटते. हे मातीवर करा. डांबरावर ताण सुटायला वाव नसतो, उलट वाढतो.

तरीही सुटलं नाही तर गाडीखाली जाऊन लिव्हर हातानं परत आणता येतो, आणि दांडी सोडवून, लिव्हर ‘सुटलेल्या’ बाजूला तारेनं बांधून घरी येता येतं. तारेचा तुकडा आणि पाना गाडीत असू द्या. मागचं लॉक लागलेलं ठेवून घाट उतरू नका. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते, ओल्या रस्त्यावर तर फारच.

लॉकवर आलेला खोटा आळ

पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना गाडी अडखळते, कुणी ब्रेक दाबतंय असं वाटतं. लोक म्हणतात, पुढचं लॉक अडकलंय. अनेकदा दोष व्हिस्कस कपलिंगचा असतो. या कपलिंगमध्ये पातळ पोलादी चकत्या आणि घट्ट सिलिकॉन तेल असतं. पिठलं घोटताना पळी हळू फिरवली तर सहज फिरते, जोरात फिरवायला गेलं की अडवते, तसं हे तेल वेगाच्या फरकाला विरोध करतं. मागची चाकं घसरून वेगानं फिरली की विरोध वाढतो आणि जोर पुढच्या चाकांकडे जातो. वर्षं गेली, तेल अनेकदा तापलं की काही कपलिंग कायमची ताठ होतात, काही अगदी ढिली.

फरक ओळखायला फक्त एकच पुढचं चाक उचला; मागे हँडब्रेक आणि ठोकळे. चाकाच्या नटावर लांब पाना लावून सतत जोर द्या. चाक जडपणे, संथ गतीनं सरकत राहिलं तर कपलिंग ठीक आहे. सहज गरगर फिरलं तर कपलिंग मेलंय. हललंच नाही तर एकतर कपलिंग ताठ झालंय किंवा पुढचं लॉक लागलेलं आहे. मग दोन्ही चाकं उचलून वरची परीक्षा घ्या. एक फिरवल्यावर दुसरं उलटं फिरलं तर लॉक निर्दोष, कपलिंग दोषी.

कपलिंग ताठ होण्यामागे टायरही असतात. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर टाकले की त्यांच्या परिघात फरक पडतो आणि सरळ रस्त्यावरही कपलिंग सतत घोटलं जातं, तापतं. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. गाडी टो करायची वेळ आली तर दोन चाकं उचलून ओढू देऊ नका. गाडीची चारही चाकं वर घेऊन नेणारा ट्रक मागवा.

गिअरबॉक्स खरंच उघडायचा तेव्हा

लिव्हर हातानं शेवटपर्यंत जातो, चाक हलवूनही लॉक धरत नाही, किंवा धरून जोर लागताच खटाखट सुटतं: यावेळी दोष आत आहे. तेल काढून बघा. प्लगवर थोडा काळा, बारीक लगदा असणं वयाप्रमाणे ठीक. चमकणारे कपचे दिसले तर दात किंवा काटा गेलाय, आणि गाडी चालवणं थांबवा. सिंक्रोचा गिअरबॉक्स साध्या टी३ पेक्षा वेगळा आहे, त्यात प्रॉपशाफ्टची वाट आणि खास दऱ्याखोऱ्यांसाठीचा सर्वांत हळू गिअर आहे, म्हणून तो आधी उघडलेल्या माणसाकडेच द्यावा. देताना लिव्हरची धुरी आणि सीलही त्याच वेळी नवे करायला सांगा. खर्च उघडण्याचा असतो, सीलचा नाही.

काही मालक व्हॅक्यूम काढून टाकून तारेनं ओढायचा लिव्हर बसवतात, काही छोटी विजेची मोटर लावतात. लांबच्या, ओसाड मुलुखातल्या प्रवासासाठी तार मला पटते: हाताला थेट जाणवतं की दात बसले की नाहीत. रोज शहरात फिरणाऱ्या गाडीला मूळची व्यवस्था पुरेशी चांगली आहे, रबरी जोड नवे असले म्हणजे झालं. दोन्ही प्रकारांत लॉक महिन्यातून एकदा मोकळ्या मातीवर लावून, थोडं सरळ चालवून सोडायचं. पावसाळ्यानंतर किंवा बर्फाच्या मोसमानंतर लिव्हरला ग्रीस द्यायचं.

आणि गिअरबॉक्स परत बसवून आला की गाडी घोड्यांवरून खाली उतरवण्याआधीच दोन्ही नळ्यांवर सिरिंज लावून लॉक लावा, चाक फिरवून बघा, सोडा, पुन्हा बघा, आणि दोन्ही वेळा दिवा काय दाखवतो ते मेस्त्रीला शेजारी उभं करून दाखवा.